स्वस्तात चांगली कॅमेरा सॅक कशी निवडाल?

कॅमेरा हप्त्यावर घेतला, लेन्स ओळखीतल्या कुणाकडून जुनी मिळवली, फ्लॅश तूर्त उसना आणला. सॅकसाठी मात्र हातात हजार-दोन हजारच उरले. भिवंडी तालुक्यातल्या काल्हेर, कशेळी, कोन, पिंपळास, अंजूर या पट्ट्यात हळदी-लग्नाचं शूटिंग सुरू करणारी बहुतेक मुलं याच टप्प्यावर असतात. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या बाजूला पक्ष्यांमागे फिरणारी, माहुली किंवा गुमतारा चढायला जाणारी कॉलेजची मुलं-मुलीही तिथेच. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

मुद्दा आधीच सांगतो. कॅमेऱ्याच्या सॅकला दोन कामं करावी लागतात. सामान धक्क्यापासून, धुळीपासून, पाण्यापासून सांभाळायचं आणि ते वजन दिवसभर पाठीवर नीट वाहून न्यायचं. लोप्रो, मॅनफ्रोटो, व्हॅनगार्ड अशा कंपन्यांची महाग सॅक ही दोन्ही कामं एकत्र करते आणि त्याचे पैसे घेते. हजार-दीड हजाराच्या ‘डीएसएलआर बॅग’मध्ये हीच दोन्ही कामं मागायला गेलो, तर दोन्ही अर्धवट मिळतात. फोम पातळ, पट्टे अरुंद, चेन कच्ची. त्यापेक्षा दोन्ही कामांची फारकत करावी. पाठीवर वाहायला एक चांगली साधी सॅक घ्यावी आणि तिच्या आत बसेल असा फोमचा, कप्पे असलेला इन्सर्ट वेगळा घ्यावा किंवा शिवून घ्यावा. कमी पैशांत यापेक्षा चांगला मार्ग मला दिसत नाही.

यात कमीपणा वाटायचं कारण नाही. आज जगभरात नावाजलेल्या कॅमेरा बॅगा बनवणारी बिलिंगहॅम ही इंग्लंडमधली कंपनी 1973 मध्ये सुरू झाली ती मासेमारीच्या पिशव्या शिवण्यासाठी. न्यूयॉर्कचे फोटोग्राफर आपल्या पिशव्यांमध्ये कॅमेरे घालून फिरतात, हे तिला काही वर्षांनी कळलं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात जिम डोमकी या वृत्तछायाचित्रकाराने सत्तरच्या दशकात स्वतःच्या कामासाठी साध्या जाड सुती कॅनव्हासची पिशवी तयार करून घेतली. पुढे ती जगभरच्या वृत्तछायाचित्रकारांच्या खांद्यावर गेली. ‘कॅमेरा बॅग’ असं लेबल लावलेली वस्तूच घेतली पाहिजे, असा काही नियम नाही. पिशवी कामाची हवी.

दुकानात किंवा ॲपवर जाण्याआधी घरी एक काम करा. सगळं सामान जमिनीवर मांडा आणि वजन करा. स्वयंपाकघरातला छोटा काटा चालेल, नसेल तर वाण्याकडचा. सुरुवातीच्या कॅननच्या 1500डी सारख्या कॅमेऱ्याची बॉडी पावणेपाचशे ग्रॅमची, 18-55 लेन्स दोनशेच्या आसपास, 55-250 पावणेचारशेच्या आसपास, 50 मिलिमीटरची छोटी लेन्स एकशे साठ ग्रॅमची. फ्लॅश सेलसकट अर्धा किलो, चार्जर, जादा बॅटऱ्या, कार्ड, पुसायचं कापड मिळून तीन-चारशे ग्रॅम. बेरीज दोन किलोंच्या थोडी वर जाते. इथपर्यंत सोपं वाटतं. मग त्यात लिटरभर पाणी, दीड किलोचा ट्रायपॉड आणि सॅकचं स्वतःचं वजन मिळवा, की आकडा सहाच्या जवळ पोचतो. लग्नाचं पूर्ण काम घेणाऱ्याच्या पाठीवर दोन फुल-फ्रेम बॉड्या, 24-70, दीड किलोची 70-200, दोन फ्लॅश आणि वर लॅपटॉप, म्हणजे आठ किलो सहज होतात.

हे वजन हातात आलं की अर्धा निर्णय झाला. तीन-चार किलोंपर्यंत बहुतेक कुठलीही बरी सॅक चालते. सहाच्या पुढे कमरेचा पट्टा हवाच, आणि तो नुसती बारीक नाडी नको. वजन खांद्यांवरून कमरेवर उतरवणारा, थोडा फोम असलेला पट्टा हवा. साध्या सॅकमध्ये तो मिळत नसेल तर ट्रेकिंगच्या 25-30 लिटरच्या सॅक बघा, त्यांत तो बहुधा असतोच. सॅकचं स्वतःचं वजनही विचारा. फोम भरलेली कॅमेरा बॅग रिकामीच एक ते दीड किलोची असते, साधी कॉलेजची सॅक अर्धा-पाऊण किलोत बसते. म्हणजे इन्सर्ट धरूनही तुम्ही पुढेच राहता.

मापं घेताना कॅमेऱ्यावर तुमची नेहमीची लेन्स लावलेली असू द्या. लेन्स काढून ठेवायची असेल तर बॅग लहान चालते, पण हळदीच्या रात्री प्रत्येक वेळी लेन्स जोडत बसायला कुणाला वेळ असतो? 1500डी ची बॉडी साधारण 13 सेंटिमीटर रुंद, 10 उंच आणि 8 खोल आहे. तिला आडवी बसवायची तर सॅकची आतली खोली 13-14 सेंटिमीटर तरी हवी. 70-200 एफ 2.8 लावलेली बॉडी पाऊण फुटाच्या पुढे लांब जाते, तिच्यासाठी एक सलग उभा कप्पा लागतो. लिटरच्या आकड्यावर विसंबू नका. वीस लिटरची सॅक वर निमुळती असली तर वरचे पाच लिटर कॅमेऱ्याच्या कामाचे नाहीत. टेपने आतून मोजा: तळाची रुंदी, तळाची खोली आणि चेनच्या तोंडाची रुंदी. इन्सर्ट आत बसतो, पण तोंडातून जात नाही, असं बऱ्याचदा होतं.

आता कापड. या बाबतीत भिवंडीकराला कुणी शिकवायची गरज नसावी. ज्या शहरात घरटी कुणी ना कुणी यंत्रमागाशी, सूताशी, सायझिंगशी बांधलेलं आहे, तिथला माणूस कापड बोटांत धरून रीड-पिक सांगतो. तीच नजर सॅकवर लावा. सॅकच्या लेबलावर 600डी, 900डी, 1680डी असे आकडे असतात. हे डेनियर, म्हणजे 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. 600 डेनियर म्हणजे तेवढ्या लांबीचा धागा 600 ग्रॅमचा. आकडा मोठा म्हणजे धागा जाड, एवढंच त्यातून कळतं. वीण विरळ असेल तर जाड धाग्याचं कापडही कमकुवत राहतं, आणि घट्ट विणलेलं 420 डेनियरचं नायलॉन सैल 900 डेनियर पॉलिएस्टरपेक्षा जास्त टिकतं. म्हणून आकडा वाचून झाला की सॅकची चेन उघडा, एक बाजू उजेडाकडे धरा आणि धाग्यांमधून किती प्रकाश येतो ते बघा. नखाने धागे बाजूला सरकतात का तेही पाहा. सरकत असतील तर ते कापड शिलाईपाशी उसवणार.

नायलॉन घासाला जास्त टिकतं, पॉलिएस्टर पाणी कमी पितं आणि उन्हात कमी झिजतं. आपल्या भागात दोन्ही चालतात. खरी गोष्ट आतल्या लेपाची आहे. बहुतेक सॅकना आतून पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो, पाणी अडतं ते त्याच्यामुळे. तो आहे का हे ओळखायचं तर कापडाला तोंड लावून जोरात फुंकर मारा. हवा आरपार गेली तर लेप नाही. दमट हवेत हा थर काही वर्षांनी चिकट होतो आणि पापुद्र्यासारखा सुटू लागतो. म्हणून जुनी सॅक घेत असाल तर आतून हात फिरवून बघा. चिकट लागली, बोटांवर भुगा आला, तर ती कितीही नामांकित कंपनीची असो, सोडून द्या. तो भुगा लेन्सवर आणि लेन्स बदलताना सेन्सरवर जातो. बाकी चांगल्या स्थितीतली जुनी कॅमेरा सॅक हा उत्तम सौदा आहे. सिनियर फोटोग्राफर बॅगा बदलत असतात, त्यांना विचारून ठेवा.

सॅकचं कापड क्वचितच फाटतं. आधी तुटतात ती तीन ठिकाणं: खांद्याचा पट्टा वर जिथे जोडलाय तो सांधा, पट्ट्याचं खालचं टोक आणि चेन. पैसे तिथे गेले आहेत की नाही हे बघणं सगळ्यात महत्त्वाचं. वरच्या सांध्यावर शिलाईचा चौकोन आणि त्यात फुली असावी, किंवा जवळजवळ टाके घालून केलेला दाट बारटॅक असावा. नुसती एक सरळ शिलाई असेल आणि पट्टा अस्तरात खोचून दिलेला असेल, तर पाच किलोंना तो सुटणार हे धरून चाला. दुकानातच सॅकच्या आत हात घालून तो सांधा मागून चाचपा. तिथे कापडाची दुसरी पट्टी लावलेली असेल तर शिवणाऱ्याने विचार केला आहे. पट्टे बोटांनी दाबा. साधारण तीन बोटांपेक्षा रुंद असावेत, फोम दाबल्यावर लगेच उसळून वर यावा आणि पट्ट्याला थोडा बाक असावा, म्हणजे काखेत रुतत नाही. छातीवरचा छोटा पट्टा असेल तर फार बरं. दुचाकीवर खांद्याचे पट्टे घसरतात ते त्याने थांबतं.

चेनवर जरा जास्त लिहितो, कारण स्वस्त सॅक बहुतेक वेळा चेनमुळेच टाकून द्यावी लागते. चेनला नंबर असतात: 3, 5, 8, 10. बंद चेनच्या दातांची रुंदी साधारण तेवढे मिलिमीटर. रनरच्या पाठीवर हा आकडा बऱ्याचदा कोरलेला सापडतो. बाहेरच्या खिशाला 5 नंबर पुरे, मुख्य कप्प्याला 8 किंवा 10 हवा. सॅकची चेन कोपऱ्यांवरून वळते, त्यामुळे सुट्या प्लास्टिक दातांपेक्षा नायलॉनच्या वेटोळ्याची चेन बरी. ती वळणावर अडकत नाही. दुकानात सॅकमध्ये काहीतरी कोंबून भरा आणि मग एका हाताने चेन लावून बघा. रिकाम्या सॅकची चेन सगळ्यांचीच छान चालते. मुख्य कप्प्याला दोन रनर असावेत, दोघांच्या कड्या जुळवून छोटं कुलूप लावता येतं. आणि चेन बिघडली म्हणून सॅक फेकू नका. बहुतेक वेळा दात शाबूत असतात, रनर झिजून सैल झालेला असतो. बॅग दुरुस्त करणारा तो थोडक्या पैशांत बदलून देतो. महिन्या-दोन महिन्यांनी चेन ब्रशने झाडून तिच्यावर मेणबत्ती फिरवली तर ती वेळच येत नाही. यंत्रमागाच्या कारखान्यात फोटो काढायला जाणाऱ्यांनी हे जास्त पाळावं. तिथे हवेत कापसाचे तंतू सतत तरंगत असतात. ते चेनच्या दातांत अडकतात, फोमवर बसतात आणि वेल्क्रोच्या काट्याच्या बाजूत इतके भरतात की वेल्क्रो धरेनासा होतो. सुईने किंवा जुन्या टूथब्रशने ते काढावे लागतात. कारखान्यात सॅक उघडी ठेवायची नाही, आणि लेन्स तर बाहेर येऊनच बदलायची.

आता इन्सर्ट. ऑनलाइन तयार मिळतात, साधारण पाचशे ते हजारात. माप जुळत असेल तर जरूर घ्या. पण तुमच्या सॅकच्या मापाचा, तुमच्या लेन्सच्या उंचीचा इन्सर्ट हवा असेल तर तो शिवून घेणं जास्त शहाणपणाचं, आणि भिवंडीत शिलाई मशीनवर हात बसलेल्या माणसांची वाण नाही. तीन बत्ती, मंडई किंवा धामणकर नाक्याच्या परिसरात सॅक-बॅगा दुरुस्त करणारे सापडतात. त्यांच्याकडे जाताना सॅक, टेप आणि कागदावर काढलेली आकृती घेऊन जा. कॅमेरा नेऊ नका, त्याच्या मापाचं पुठ्ठ्याचं खोकं न्या.

फोम कोणता, हे त्यांना तुम्ही सांगायचं. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येतो तो पांढरा हलका फोम एकदा दबला की दबलेलाच राहतो, तो नको. गादीचा मऊ स्पंजही नको, कारण जड लेन्स त्यात बुडून थेट तळाला टेकते आणि स्पंज पाणी शोषतो. बंद पेशींचा, दाबल्यावर उसळणारा ईव्हीए फोम हवा. मिळाला नाही तर त्या जातीच्या योगा मॅटचे तुकडे चालतात. बाजूंना आठ-दहा मिलिमीटर जाडी पुरते, तळाला मात्र दुप्पट घ्या. सॅक जमिनीवर आपटते ती तळावर, आणि कॅमेऱ्याला सगळ्यात मोठा धक्का तिथूनच बसतो. तयार बॅग घेत असाल तरी हीच परीक्षा करा: सॅक टेबलावर ठेवा, आत हात घालून तळ बोटांच्या सांध्यांनी दाबा. टेबल टणक लागलं तर फोम पुरेसा नाही.

आतल्या बाजूला वेल्क्रो चिकटेल असं मऊ, लवदार कापड लावून घ्या आणि आडव्या-उभ्या पार्टिशनच्या कडांना वेल्क्रोची काट्याची पट्टी. म्हणजे हवे तसे कप्पे हलवता येतात. काट्याची पट्टी पार्टिशनच्या कडेपर्यंतच असावी, बाहेर आली तर कॅमेऱ्याच्या स्क्रीनला घासते. बॉडीला लांब लेन्स लावून ठेवणार असाल तर लेन्सच्या पोटाखाली आधाराला एक छोटं पार्टिशन ठेवा. अधांतरी लटकणाऱ्या लेन्सचा सगळा भार माउंटवर येतो आणि अंजूर फाट्याच्या खड्ड्यांतून रोज जाणाऱ्याला त्याचा अर्थ सांगायला नको. अस्तराचा रंग फिका घ्या: राखाडी, पिवळा, काहीही, पण काळा नको. काळ्या अस्तरात काळी लेन्स कॅप, काळी बॅटरी, काळं कार्ड. मांडवामागच्या अंधारात डीजेच्या दिव्यांच्या उजेडावर ती शोधण्यात वरमाला निघून जाते. बाहेरचा रंग मात्र साधा, मळखाऊ. कंपनीचं मोठं नाव, ‘फोटोग्राफर’ असं काही बाहेर लिहिलेलं नको. कल्याणहून किंवा ठाण्याहून लोकल पकडणाऱ्याच्या पाठीवर कॉलेजची सॅक आहे, असंच गर्दीला वाटलं पाहिजे.

सॅक कुठून उघडते, याचाही विचार करा. पुढून उघडणारी सॅक स्वस्त आणि सर्रास मिळणारी. ती उघडायची तर पाठीची बाजू जमिनीला टेकवावी लागते आणि मग तोच चिखल शर्टाला लागतो. पाठीकडून उघडणारी सॅक पुढची बाजू खाली ठेवून उघडता येते. शिवाय गर्दीत मागचा माणूस ती उघडू शकत नाही. आपल्या पावसाळ्यात आणि आपल्या लोकलमध्ये ही रचना सगळ्यात सोयीची, पण त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजावे लागतात. बजेट दोन-अडीच हजारांच्या पुढे जाऊ शकत असेल तर पहिला जादा खर्च इथे करा. वरून उघडणाऱ्या साध्या सॅकमध्ये इन्सर्ट ठेवणार असाल तर इन्सर्टला झाकण आणि वर दोन मूठपट्ट्या लावून घ्या, म्हणजे तो सबंध बाहेर काढून टेबलावर ठेवता येतो. लग्नाच्या हॉलमध्ये ही फार सोयीची गोष्ट ठरते. सॅक आपली आपण उभी राहते का, तेही बघा. खुर्चीशेजारी ठेवलेली सॅक कलंडली की उघड्या कप्प्यातली लेन्स घरंगळत बाहेर येते.

दुचाकीवरचा प्रवास हा आपल्याकडचा खास प्रश्न आहे. स्कूटरच्या पायाशी किंवा डिकीत कॅमेरा ठेवू नका, पाच मिनिटांसाठीही नाही. इंजिनाची थरथर आणि खड्ड्यांचे हादरे थेट लेन्सच्या बारीक स्क्रूंपर्यंत जातात. सॅक पाठीवर असली की तुमचं शरीर ते हादरे झेलतं. पट्टे आवळून सॅक पाठीला वर घट्ट ठेवा, सीटवर टेकू देऊ नका. जड वस्तू पाठीच्या जवळ, खांद्यांच्या फळीच्या उंचीला, हलक्या वस्तू बाहेरच्या बाजूला. ट्रायपॉड एका कडेला लटकवला तर सगळा तोल त्या बाजूला जातो. मधोमध बांधता येत नसेल तर दुसऱ्या कडेच्या खिशात पाण्याची बाटली ठेवून तोल सांभाळा. आणि पाण्याची बाटली नेहमी बाहेरच, झाकण कितीही घट्ट असलं तरी.

पावसाचं काय? लेबलावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असतं ते कापडापुरतं. पाणी शिरतं ते शिलाईच्या भोकांतून आणि चेनमधून. त्यामुळे रेनकव्हर हवंच. ते सुटं काढता येणारं असावं. तळाच्या खिशात शिवून टाकलेलं कव्हर ओलं तसंच राहतं आणि कुजतं. पण कोकणातल्या तिरप्या पावसात रेनकव्हरही पाठीच्या बाजूने पाणी आत येऊ देतं, म्हणून ट्रेक करणारे वापरतात ती युक्ती करा: सॅकच्या आत आधी जाड प्लास्टिकची मोठी पिशवी, तिच्यात इन्सर्ट, पिशवीचं तोंड पिळून आत दुमडलेलं. बाहेरची सॅक चिंब झाली तरी कॅमेरा कोरडा राहतो. खर्च दहा-वीस रुपयांचा.

घरी आल्यावरची सवय त्याहून महत्त्वाची. सॅक ही सामान नेण्यासाठी आहे, ठेवण्यासाठी नाही. जून ते सप्टेंबर आपल्या हवेतली आर्द्रता बहुतेक काळ ऐंशी टक्क्यांच्या वर असते. फोम आणि अस्तर ती ओल धरून ठेवतात, आत अंधार असतो, हवा खेळत नाही. लेन्सवर बुरशी यायला आणखी काय हवं? एकदा काचेवर जाळं धरलं की सफाईचा खर्च सॅकच्या किमतीच्या पुढे जातो आणि काही वेळा काचेवरचा लेपच खराब होतो. म्हणून शूटिंग संपलं की त्याच रात्री कॅमेरा-लेन्स बाहेर काढा, पुसा आणि घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. सोबत आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर असावा, तो दोन-तीनशे रुपयांत मिळतो. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. सिलिका जेल रंग बदलणारं घ्या. नारिंगी दाणे हिरवे झाले की ते ओल पिऊन भरले. मग मंद आचेवर तापवले की पुन्हा कामाचे होतात, मात्र त्यासाठीचं भांडं वेगळं ठेवा. तांदूळ घालण्याचा सल्ला कुणी देतो, तो मानू नका. तांदळाची पूड लेन्सच्या रिंगांमध्ये जाते. रिकामी सॅक उघडी करून पंख्याखाली उलटी टांगा, कडक उन्हात नको. ज्यांचं बजेट फार ताणलेलं आहे त्यांना मी सांगेन की सॅकमधले दोनशे-तीनशे रुपये कमी करा, पण हा डबा आधी घ्या.

खरेदी कुठे करायची? ॲपवर मागवाल तर ती सॅक बहुधा आपल्याच तालुक्यातल्या एखाद्या गोदामातून निघेल. ॲमेझॉन, फ्लिपकार्ट दोघांचीही मोठी गोदामं इथे आहेत. माल लवकर येतो हा फायदा. पण फोटोत टाके आणि फोम कळत नाहीत, म्हणून परत करण्याची मुदत आणि अट आधी वाचा. काही ठिकाणी फक्त बदलून मिळते, पैसे परत मिळत नाहीत. पाच तारे दिलेले अभिप्राय सोडा, एक आणि दोन तारे देणाऱ्यांनी काय लिहिलंय ते वाचा. तीन-चार जणांनी एकाच सांध्याबद्दल तक्रार केली असेल तर ती खरी समजा. दिवस मोकळा असेल तर मुंबईत फोर्टला, सीएसएमटी समोरच्या बोरा बाजाराच्या भागात जा. तिथे कॅमेऱ्याची दुकानं आहेत, आपला कॅमेरा नेऊन सॅकमध्ये घालून बघता येतो. घासाघीस होते. पक्कं बिल मागा.

सॅक घरी आली की लेबलं काढू नका. तुमच्या सामानाच्या वजनाएवढ्या पाण्याच्या बाटल्या आणि तांदळाच्या पिशव्या टॉवेलात गुंडाळून तिच्यात भरा, पट्टे आवळा आणि अर्धा तास घालून फिरा, जिन्यावरून दोन-तीनदा चढ-उतार करा. मग खाली ठेवून ते तीन सांधे पुन्हा तपासा: वरचा, खालचा आणि चेनचे कोपरे. टाके ताणलेले दिसले, शिलाईच्या भोकांतून उजेड दिसू लागला, तर त्याच दिवशी परत पाठवा. टिकली तर लेबलं काढा, आतल्या खिशात तुमचं नाव आणि फोन नंबर लिहिलेला कागद ठेवा, आणि कॅमेऱ्याच्या, लेन्सच्या खालच्या सिरीयल नंबरचे फोटो काढून घरातल्या कुणाला तरी पाठवून ठेवा. सॅक लोकलमध्ये राहिली किंवा चोरीला गेली, तर तक्रार नोंदवताना पोलीस आधी हेच नंबर आणि बिल मागतात.